मायेचा कारखाना

रात्रीची जेवणे आटोपली, स्वयंपाकघरातली झाकपाक झाली, की घराघरांतून दूरचित्रवाणीच्या पेटीसमोर माणसे जमतात. म्हातारी माणसे भिंतीला टेकून, मुले अगदी पडद्याला नाक लावून. मग वेताळ राजाच्या पाठीवर येऊन बसतो, अय्यार क्षणात रूप पालटतो, गरगर फिरत येणारा वीर दुष्टांची दाणादाण उडवतो, खंडेराय मणि-मल्लांवर खड्ग उगारतात. 'विक्रम और बेताल' १९८५ साली आली, 'चंद्रकांता' १९९४ साली, 'शक्तिमान' १९९७ साली आणि आपल्या मराठीतली 'जय मल्हार' २०१४ साली. प्रत्येक पिढीने यांतली एकेक मालिका आपली मानली. दिवाळीला चार भावंडे एकत्र आली, फराळाची ताटे पुढे आली, की कोणी तरी क्रूरसिंगाचे 'यक्कू' काढतो आणि पंचेचाळिशीतली गृहस्थ माणसे दहा वर्षांची होऊन हसू लागतात. रात्री साडेदहाला सुरू होणाऱ्या एका मालिकेने तर २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' असे नावच धारण केले. अद्भुताची वेळ रात्रीचीच, हे तिच्या कर्त्यांना नेमके ठाऊक होते.

हे वेड या पेटीने लावले असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. पेटी घरात येण्यापूर्वी आपल्याकडे गोंधळ होता, कीर्तन होते, कोकणात दशावतार होता, आणि काही नाही तर देवापुढच्या समईत 'नवनाथ भक्तिसार' वाचणारी आजी होती. चाळीस अध्यायांची ती पोथी म्हणजे मंत्रास्त्रांची, राक्षसांची आणि मायावी नगरांची खाणच. राखेच्या ढिगाऱ्यातून गोरक्ष उभा राहतो तिथे अध्याय संपला, तर आजीला उठू देणारे नातवंड कोणते? उद्याच्या भागापर्यंत जीव टांगून ठेवण्याची कला मालिकावाल्यांनी पोथीकडूनच उचलली आहे.

पण ऐकण्यातले अद्भुत डोळ्यांपुढे उभे करण्याचा खटाटोप यंत्राच्या साहाय्याने जिथे झाला, त्यांत कोल्हापूरचे नाव फार वर आहे. या गावाने सुमारे पंधरा वर्षे, १९१८ ते १९३३, मायेचा एक कारखाना चालवला. 'कारखाना' हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरतो. कारण इथली माया स्वर्गातून उतरली नाही. ती सुतारांनी, रंगाऱ्यांनी, शिंप्यांनी आणि पैलवानांनी घडवली.

या कारखान्याचे मूळपुरुष दोन चुलतभाऊ, आनंदराव आणि बाबूराव. आडनाव मेस्त्री, घराणे कारागिरांचे; पण लोकांनी त्यांना 'पेंटर' म्हटले आणि तेच नाव चिकटले. १९१० नंतरच्या काही वर्षांत संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यात या जोडीचा हात धरणारे कोणी नव्हते. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट, रंगवावा तर पेंटरबंधूंनी. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला आणि तो पाहून या दोघांच्या डोक्यात नवीन किडा शिरला. पडद्यावर रंगवलेली नदी वाहत नाही. ती वाहती करायची तर कॅमेरा हवा.

विलायती कॅमेऱ्याची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा या कारागिरांनी विचार केला, की यंत्र माणसानेच केले आहे ना, मग आपणही करू. चित्रे दाखवण्याचे एक यंत्र मिळवून त्यांनी कोल्हापुरात डेक्कन सिनेमा चालवला होता; त्यामुळे यंत्रातून फिल्म पुढे कशी सरकते, क्षणभर कशी थांबते, हे त्यांनी बारकाईने पाहिलेले. कॅमेऱ्यातही तेच उलट क्रमाने घडते. फिल्मच्या कडेला भोके असतात, त्यांत दाते अडकतात, दांडा फिरवला की फिल्म एक चित्रभर पुढे येते, थबकते, झडप उघडते, प्रकाश आत शिरतो, झडप मिटते. सेकंदाला सोळा वेळा हे सारे अचूक घडावे लागते. दाता केसाइतका चुकला तरी चित्र थरथरते. असे काम हातांनी करायचे! ते पुरे होण्याआधीच, १९१६ साली, आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याला हाताशी धरले आणि १९१८ साली कॅमेरा पुरा केला. त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. गावातल्या शेटसावकारांच्या आधी एका गाणाऱ्या बाईचा या वेड्यांवर विश्वास बसला, ही गोष्ट कोल्हापूरने विसरू नये.

पहिले चित्र 'सैरंध्री'. ७ फेब्रुवारी १९२० रोजी ते पुण्याच्या आर्यन सिनेमात लागले. कथा विराटपर्वातली, सर्वांच्या तोंडपाठ असलेली. द्रौपदीची विटंबना करू पाहणाऱ्या कीचकाला भीम रात्री नाट्यशाळेत गाठतो आणि ठार करतो. भीम झाले होते धिप्पाड बाळासाहेब यादव, कीचक झुंझारराव पवार. स्त्रीभूमिकांसाठी बाबूरावांनी मिशा काढलेले पुरुष घेतले नाहीत. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रिया कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. सिनेमात काम करणाऱ्या बाईकडे जग कोणत्या नजरेने पाही ते आठवले, म्हणजे त्यांच्या धैर्याची कल्पना येते. कीचकवधाचा प्रसंग असा काही वठला, की प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला आणि सरकारी कात्रीला तो छाटावा लागला. लोकमान्य टिळकांनी चित्र पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवले.

आज पडद्यावर शिरे उडताना पाहून मुले भज्याचा घास चुकवीत नाहीत. १९२० साली लोक हादरले, याचे कारण केवळ त्यांचा भोळेपणा नव्हे. ज्या गावात शाहूमहाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्त्यांचे मैदान बांधून घेतले, जिथे पेठेपेठेत तालीम आणि तालमीतालमीत पैलवान, तिथले हे चित्र होते. भीमाची पकड ही खरी पकड होती. नाटकातला भीम कापूस भरलेला सदरा घालून गर्जना करी. या भीमाला गर्जनेची सोयच नव्हती, कारण चित्र मुके. जे काही सांगायचे ते खांद्यांनी आणि मांड्यांनी. कोल्हापूरच्या अद्भुताचा पाया हा असा तांबड्या मातीत घातलेला होता.

बाबूराव स्वतः चित्रकार तसेच मूर्तिकार. रंगवलेल्या पडद्यांचे ते राजे. पण सिनेमात आल्यावर त्यांनी रंगवलेला राजवाडा मागे टाकला आणि खांब-कमानींचा, आत माणूस हिंडेल असा राजवाडा उभा करायला सुरुवात केली. नाटकाचा प्रेक्षक एका जागी बसलेला असतो, त्याला सपाट पडदा पुरतो. कॅमेऱ्याचा डोळा खोली मागतो, हे त्यांनी ओळखले. पोषाख, दागिने, शस्त्रे यांची चित्रे ते आधी स्वतः काढीत. चित्र पाहायला येणाऱ्यांच्या हाती कथेची छोटी पुस्तिका पडावी, भिंतीवर रंगीत जाहिरात झळकावी, याचीही काळजी त्यांनीच वाहिली. त्यांच्या 'कल्याण खजिना' या चित्राला १९२४ साली लंडनजवळच्या वेंब्लेच्या प्रदर्शनात पदक मिळाले.

आता रात्रीची गोष्ट. त्या काळी चित्रपट सूर्याच्या कृपेवर चाले. उन्हात छायाचित्रण करायचे, आणि प्रसंग रात्रीचा असला तर फिल्म निळ्या रंगात बुडवायची. निळे दिसले की प्रेक्षकाने रात्र समजावी, असा दोघांत अलिखित करार. १९२३ साली बाबूरावांनी 'सिंहगड' हाती घेतला. हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला'ची ही कथा. तानाजीने गड घेतला तो माघ वद्य नवमीच्या काळोखात. ती रात्र निळ्या उन्हाने कशी भागणार? बाबूरावांनी विजेचे दिवे लावून रात्रीचे प्रसंग घेतले. आपल्या देशातल्या चित्रपटांत कृत्रिम प्रकाशाचा वापर प्रथम झाला तो या चित्रात, असे चित्रपटाचे इतिहासकार सांगतात. या चित्रात शेलारमामा झाला होता कंपनीतलाच एक होतकरू तरुण, शांताराम वणकुद्रे. पुढे त्याला जग व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागले.

अंधार दाखवण्यासाठी दिवे लावावे लागतात, यात मोठी मौज आहे. नुसता काळोख कॅमेऱ्याला दिसत नाही. थोडा उजेड कड्याच्या कडेवर, थोडा ढालीच्या फुल्यांवर, बाकी काळे, तेव्हा कुठे प्रेक्षकाला रात्र भासते. आज मध्यरात्री आपण ज्या मालिका डोळे फाडून पाहतो, त्यांतला प्रत्येक भुताचा वाडा याच हिशेबाने उजळलेला असतो.

मायेच्या बाकीच्या युक्त्याही सांगायच्या तर साध्याच होत्या. दांडा सावकाश फिरवून चित्र घेतले आणि नेहमीच्या गतीने दाखवले, की घोडा दुप्पट वेगाने दौडतो. कॅमेरा मध्येच थांबवला, उभ्या माणसाला बाजूला घेतले आणि पुन्हा दांडा फिरवला, की माणूस अंतर्धान पावतो. तीच फिल्म मागे गुंडाळून काळ्या पडद्यापुढे दुसऱ्यांदा वापरली, की एका नटाचे दोन नट होतात, देव ढगांत तरंगतो. एकच अट: फिल्म किती फूट गेली ते दांडा फिरवणाऱ्याने तोंडाने मोजत राहायचे. आकडा चुकला तर देवाचे पाय ढगाऐवजी राक्षसाच्या डोक्यावर!

या विद्येत मुरलेल्या चौघांनी, दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी, १९२९ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडली. सराफीच्या धंद्यातले सीतारामपंत कुलकर्णी त्यांना भागीदार म्हणून मिळाले आणि १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीचा जन्म झाला. फत्तेलालांना सारे 'साहेबमामा' म्हणत. दामले-फत्तेलाल या जोडीत हिंदू कोण, मुसलमान कोण, याची आठवणही कोणाला होत नसे.

प्रभातची पहिली चित्रे मुकीच. 'गोपाळकृष्ण', 'खुनी खंजीर', 'उदयकाल', पाताळातल्या अहिरावण-महिरावणांची 'चंद्रसेना'. नावांवरूनच तलवारींचा खणखणाट कानी पडतो. यातल्या 'उदयकाल'ची कथा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९३० साल, देशभर मिठाचा सत्याग्रह पेटलेला; आणि प्रभातने शिवाजीमहाराजांवरच्या या चित्राचे नाव ठेवले होते 'स्वराज्याचे तोरण'. सरकारी परीक्षकांना 'स्वराज्य' हा शब्द खपेना. नाव बदलले, काही भाग कापला, तेव्हा चित्र बाहेर पडले. पडद्यावरच्या लुटुपुटीच्या तलवारीला साम्राज्य भ्याले! अद्भुताला आणि साहसाला पोरखेळ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर लक्षात घ्यावे.

मग चित्रे बोलू लागली. फेब्रुवारी १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' आला, आणि त्याच वर्षी या साऱ्या मायेचा कळस म्हणता येईल असा 'माया मच्छिंद्र'. कथा आजीच्या पोथीतली. गुरु मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जाऊन राणीच्या वैभवात रमले. शिष्य गोरख त्यांना सोडवायला निघाला. मच्छिंद्रनाथ झाले गोविंदराव टेंबे, गोरख मास्टर विनायक आणि राणी दुर्गा खोटे. मुंबईच्या प्रतिष्ठित घरातली ही सुशिक्षित स्त्री कोल्हापुरात येऊन बायकांच्या राज्याची राणी झाली, आणि तिच्या सोबतीला होता पाळलेला चित्ता. इतर गावांना त्या चित्त्याचे केवढे अप्रूप वाटले असेल! कोल्हापूरला मात्र तो परका नव्हता. हरणांच्या शिकारीसाठी संस्थानात शिकवलेले चित्ते बाळगीत, आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान याच गावात राहत. इतरांची माया ती कोल्हापूरकरांची रोजची ओळख.

या चित्राचा शेवट मला फार मोलाचा वाटतो. गोरख गुरूला शोधत येतो, संकटे झेलतो, शोक करतो. आणि अखेरीस उमगते, की ते राज्य, ते वैभव, ती राणी, सारी गुरूने शिष्याला धडा देण्यासाठी रचलेली माया होती. म्हणजे ज्यांनी प्रेक्षकाला मायेत गुंगवले, त्यांनीच शेवटी सांगितले, की बाबा, ही माया होती. कारागिराचा प्रामाणिकपणा तो हा. फसवणारा जादूगार आपली युक्ती लपवतो. खेळ करणारा ती सांगून टाकतो आणि तरीही पुढच्या खेळाला गर्दी होते.

१९३३ साली प्रभात पुण्याला गेली. तिचे मोठे वैभव, 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'माणूस', पुण्याचे. कोल्हापुरात चित्रे निघत राहिली, भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत ऐतिहासिक चित्रांची परंपरा चालवली. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आता जे सांगायचे ते सणाच्या दिवशी सांगू नये असे वाटते, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. 'सैरंध्री' आज कोणालाही पाहता येत नाही. तो मुका 'सिंहगड' पाहता येत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी बहुतेक सारे नाहीसे झाले. हाती उरले ते थोडे तुकडे. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती आपोआप विरघळते, चिकट होते, आणि पेटली तर पाण्यालाही दाद देत नाही. तिच्यात चांदी असते. म्हणून जुन्या फिल्मा चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. त्या मोडीत कोणाचा भीम गेला, कोणाची सैरंध्री गेली, याचा हिशेब कोण ठेवणार?

त्यात आगीही लागल्या. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि त्यात भालजींचे 'मीठ भाकर' हे चित्र गेले. भालजींनी ते पुन्हा काढले. २००३ च्या जानेवारीत पुण्याला जुन्या नायट्रेट फिल्मांच्या कोठारात आग लागली आणि प्रभातच्या चित्रांचे मूळ धनही तिच्या भक्ष्यस्थानी पडले. आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्यांच्या नावाचे कोल्हापूरचे नाट्यगृह जळाले. शाहूमहाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली ती वास्तू. त्या रात्री ज्वाळा पाहत उभी असलेली माणसे रडली, ती काय केवळ लाकडांसाठी?

मग उरले काय? उरली ती करण्याची खोड. २०२० साली महामारीने जग ठप्प झाले. त्या वर्षी जोतिबाच्या डोंगरावर चैत्राची यात्रा भरली नाही. सासनकाठ्या नाचल्या नाहीत, गुलाल उधळला नाही, 'चांगभलं'च्या गजराने डोंगर दुमदुमला नाही. ऑक्टोबरात 'दख्खनचा राजा जोतिबा' ही मालिका सुरू झाली, तेव्हाही देवळांची दारे बंदच होती. मालिकेचे देखावे उभे राहिले ते मोरेवाडीच्या माळावरच्या कोल्हापूर चित्रनगरीत. रत्नासुराचा संहार करणारा देव, ज्याला भेटायला लोक दरसाल डोंगर चढत, तो त्या वर्षी संध्याकाळी घरी येऊ लागला. राक्षसांना संगणकाने शिंगे फुटली असतील, विजा यंत्राने चमकल्या असतील. तरी खांब ठोकणारा सुतार, भिंतीला दगडाचा रंग देणारा रंगारी आणि मुकुट बांधणारा हात हे लागलेच. शंभर वर्षांपूर्वी 'सैरंध्री'च्या वेळी लागले होते, तसेच.

अशा मालिकांना नावे ठेवणारे पुष्कळ. 'एवढ्या शिकल्यासवरल्या काळात कसली भुते नि कसले मंत्र!' असे ते विचारतात. त्यांनी दिवाळीत अंगणात एकदा पाहावे. पोरे गोणपाटावर चिखल लिंपून किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, पुठ्ठ्याचा दरवाजा लावतात, वर मातीचे मावळे नि सिंहासनावर महाराज बसवतात. चिखल आपणच कालवला आहे हे त्यांना चांगले ठाऊक असते. तरी संध्याकाळी पणती लावून बुरुजावर ठेवली, की कोणी तिथे पाय लावला तर भांडण जुंपते. ठाऊक असणे आणि मानणे या दोन्ही गोष्टी एका मनात सुखाने नांदतात, हे मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. बाबूरावांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे उघडेवाघडे दुःखही दाखवले. पण त्यासाठी त्यांना भीम आणि तानाजी सोडावे लागले नाहीत.

चित्रे गेली ती परत येणार नाहीत. पण चित्रांबरोबर छापलेल्या कथेच्या पुस्तिका, जाहिरातीचे कागद, स्टुडिओत सुतारकाम केलेल्या कोणा आजोबांच्या गोष्टी, जुन्या पेट्यांतून आणि जुन्या डोक्यांतून अजून सापडण्याजोग्या आहेत. कोल्हापूरच्या, सांगलीच्या, पुण्याच्या घरांत दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून असा एखादा पिवळा कागद खाली आला, तर तो रद्दीत घालण्यापूर्वी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला दाखवावा, आणि ते जे सांगतील ते कोणी तरी वहीत उतरून घ्यावे. नटांची नावे इतिहासात आहेत. दांडा फिरवताना आकडे मोजणाऱ्याचे, रात्र भासावी म्हणून दिवा धरून उभे राहिलेल्याचे नाव मात्र अशा एखाद्या वहीतच सापडेल.